माने मॅडमच्या आतली मंडळी

माने मॅडम स्वतःच्या मनगटाशी बोलायच्या. आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये खिडकीकडच्या खुर्चीत बसायचं, डाव्या मनगटावर उजव्या हाताचा अंगठा ठेवायचा, मान जराशी कलती करायची आणि हलक्या आवाजात म्हणायचं, ‘काय, उठलासा का न्हाई अजून?’ मग थोडं थांबायचं. त्या थांबण्याचीच आम्हाला भीती वाटायची. माणूस स्वतःशी बोलला तर चालतं. पण बोलून झाल्यावर तो ऐकायला लागला की शेजारच्याला खुर्ची सरकवून घ्यावीशी वाटते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. सांगलीत विश्रामबागेतल्या कॉलेजात मी मराठी शिकवायचो आणि माने मॅडम प्राणिशास्त्र. साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या. पन्नाशीला टेकलेल्या, एकट्या, सडसडीत, केसांचा आवळून बांधलेला अंबाडा. वर्गात त्यांचं मराठी इतकं शुद्ध की मला माझ्या मराठीची लाज वाटावी. गावाकडची भाषा त्यांच्या तोंडून यायची ती फक्त मनगटाशी बोलताना.

एकदा धीर करून विचारलं, ‘मॅडम, आपण कुणाशी बोलता?’

‘मायटोकॉन्ड्रियांशी,’ त्या म्हणाल्या. बँकेत जाऊन आले म्हणावं तितक्या सहज. ‘आमच्या पुस्तकात तंतुकणिका म्हणतात. मी मंडळी म्हणते. प्रत्येक पेशीत शेकड्यांनी असतात. आपण जेवतो, श्वास घेतो, ते सगळं त्यांच्याकडे जातं आणि ते आपल्याला चालवतात.’

‘म्हणजे आपलेच अवयव.’

‘आपले कसले, सर? फार फार पूर्वी ते स्वतंत्र जीव होते. बाहेर राहायचे. मग कुठल्यातरी पेशीने त्यांना आत घेतलं आणि ते तिथंच राहिले. अजून त्यांची वाढ ते स्वतःच्या हिशेबाने करतात. आपल्याला विचारत नाहीत.’

‘आणि ही गावाकडची भाषा?’

‘वडिलांकडून यातलं एकही येत नाही. सगळे आईकडून. तिला तिच्या आईकडून. माझी आई शाळेत गेली नव्हती, सर. त्यांना पुस्तकी मराठी कुठून कळणार?’

मी हसलो. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करताना गळ्याशी नस उडताना दिसली आणि माझा वस्तरा तिथंच थांबला. आरशातला माणूस मीच होतो. पण त्याच्या आत गर्दी होती आणि ती गर्दी माझ्याकडे बघत नव्हती, आपापल्या कामात होती. बायको म्हणाली, ‘अर्धीच दाढी करून कॉलेजला जाणार का?’ मी खरंच तसा गेलो असतो.

मॅडमशी व्यवहार करणं सोपं नव्हतं. कँटीनमध्ये चहा विचारला तर म्हणायच्या, ‘थांबा, आत विचारते.’ आणि खरोखर विचारायच्या. कधी कधी आतून नकार यायचा. जिना चढताना मधल्या वळणावर थांबून ‘दमलासा व्हय? ऱ्हावा जरा,’ म्हणायच्या, आणि मागून येणारी पोरं भिंतीला चिकटून उभी राहायची. नवीन माणूस भेटला की त्याचं नाव विचारायच्या आधी त्याच्या आईच्या आईचं गाव विचारायच्या. नवे प्राचार्य रुजू झाले, त्यांनाही विचारलं. ते बिचारे गोंधळून म्हणाले, ‘औंध.’ मॅडमनी त्यांच्याकडे, म्हणजे त्यांच्या कोटाच्या तिसऱ्या बटणाकडे बघत मान हलवली आणि म्हणाल्या, ‘बरं झालं. औंधचे लोक चिवट असतात.’ प्राचार्यांनी ते बटण नंतर दोनदा चाचपून पाहिलं.

या सगळ्याची सर्वांत जास्त मजा कुणाला वाटत असेल तर ती चौगुले सरांना. चौगुले आमचे क्रीडाशिक्षक. जत तालुक्यातल्या एका खेड्यातले, वडील मेंढरं राखायचे. स्वतः पैलवान. कान कुस्तीत चुरगळलेले, छाती दारात न मावणारी. लग्न केलं नव्हतं. मैदानामागच्या खोलीत राहायचे, आई गावाकडे असायची. दिसला माणूस की पाठीत थाप, आणि ती थाप खाल्लेला दिवसभर एका बाजूला कलून चालायचा. त्यांनी मॅडमची नक्कल उत्तम बसवली होती. मॅडम समोर असल्या तरी करायचे. मॅडमना त्याचं काही वाटत नसे.

त्या दुपारी नक्कल चालू होती. चौगुले खिडकीजवळच्या खुर्चीत बसले, बाही वर सारली, जाडजूड मनगटावर अंगठा ठेवला आणि बारीक आवाज काढून म्हणाले, ‘काय मंडळी, कांदाभजी चालंल का?’ आम्ही हसत होतो. मॅडम दारातून आत येत होत्या. त्याही किंचित हसल्या. मग त्यांची नजर त्या मनगटावर गेली आणि हसू जागच्या जागी थांबलं.

त्या चालत आल्या, चौगुल्यांचा हात धरला आणि उजेडाकडे वळवला. मनगटापासून कोपरापर्यंत बारीक जांभळे ठिपके होते, मोहरी सांडल्यासारखे. दंडावर एक निळा डाग.

‘चौगुले, हे कवापास्नं?’

स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माना वळवल्या. मॅडम ती भाषा माणसांशी बोलत नसत.

‘कुस्तीत लागलंय, मॅडम,’ चौगुले म्हणाले.

‘हिरड्यांतनं रक्त येतं?’

‘येतं थोडं. ब्रश नवा हाय.’

‘दम लागतो?’

चौगुले दुसऱ्या हाताने बाही खाली ओढायला लागले. पैलवानाला तो प्रश्न विचारायचा नसतो. मॅडमनी हात सोडला नाही. त्यांना तसंच हाताला धरून त्या प्रयोगशाळेकडे निघाल्या आणि तो एवढा मोठा माणूस निमूट त्यांच्या मागे गेला. मी आणि दोघं-तिघं गेलो, अजून थोडी गंमत बाकी आहे या समजुतीने.

मॅडमनी त्यांच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब पसरला, वाळवला, रंग चढवला. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. बाहेर मैदानावर मुलं खो-खो खेळत होती, त्यांचा आरडाओरडा येत होता. आत नळ ठिबकत होता. बराच वेळ मॅडम हलल्या नाहीत. मग अगदी हळू, त्या यंत्रात बघत म्हणाल्या, ‘आलासा व्हय परत?’

या खेपेला त्या मनगटाशी बोलत नव्हत्या. कुणातरी ओळखीच्याशी बोलत होत्या, आणि ती ओळख चांगली नव्हती.

त्या उठल्या. सूक्ष्मदर्शकावर कापडी खोळ घातली. चौगुल्यांना म्हणाल्या, ‘जेवलायसा का? जेवा. मग मिरजेला जाऊया. मी येते संगं.’

मिरजेच्या दवाखान्यात दोन दिवसांनी निदान पक्कं झालं. रक्ताचा कर्करोग, झपाट्याने वाढणारा. चौगुले सदतीस-अडतीस वर्षांचे होते.

त्या आठवड्यात मी मॅडमच्या प्रयोगशाळेत गेलो आणि विचारलं, ‘ते परत आलासा म्हणजे काय?’

त्यांनी कपाटातून एक लाकडी पेटी काढली. त्यातली कडा पिवळट पडलेली एक काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ‘बघा.’

मी डोळा लावला. फिकट गुलाबी ठिपक्यांच्या शेतात मोठमोठे जांभळे गोळे दाटीवाटीने बसले होते. का कोण जाणे, ते पाठमोरे बसलेत असं मला वाटलं.

‘या आमच्या मातोश्री,’ मॅडम म्हणाल्या.

मी झटकन डोळा काढला.

‘मी बीएस्सीला होते तेव्हा ती गेली. याच दुखण्याने. तपासणाऱ्या डॉक्टरांकडून ही काच मागून घेतली. तेव्हा काही कळत नव्हतं, आता थोडं कळायला लागलंय. जगभर यावर नवं काम चाललंय. पुण्याहून झेरॉक्स मागवते.’ त्यांचा आवाज वर्गातला झाला होता. तो आधार असावा. ‘पेशी जुनी झाली, बिघडली की तिने जायचं असतं, सर. आणि ते ठरवण्यात या मंडळींचा मोठा वाटा असतो. ती आतून दार उघडतात. त्यातून एक प्रथिन बाहेर पडतं आणि पेशी आपला पसारा आवरून गुपचूप निघून जाते. रोज आपल्यात अशा असंख्य जातात, आपल्याला पत्ता लागत नाही. या पेशींमध्ये मंडळी दार उघडत नाहीत. आतून कडी. वर तिला जेवू घालतात, वाढवतात. त्या जात नाहीत, वाढतच राहतात, आणि चांगल्या रक्ताला जागा उरत नाही.’

‘दुष्ट म्हणायचे मग.’

‘नाही हो. घर धरून बसलेत. जगायचंय त्यांना.’ त्यांनी काच पुन्हा पेटीत ठेवली. ‘या पेशींना मरायचं नव्हतं, म्हणून आई मेली. एवढीच गोष्ट आहे.’

चौगुल्यांना औषधं सुरू झाली. त्यात एक सलाइनमधून जायचं, डाळिंबाच्या रसासारखं लाल. केस गेले, वजन गेलं. गावाकडून त्यांची आई आली. सगळे तिला आव्वा म्हणायचे. बुटकी, वाकलेली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. सरहद्दीवरचं गाव, आव्वाचं माहेर पलीकडचं, त्यामुळे ती कानडीच बोलायची आणि लागेल तेवढं मराठी मधे मधे टाकायची.

माने मॅडम रोज कॉलेज सुटलं की बस पकडून मिरजेला जायच्या, कधी कधी मीही बरोबर असायचो. तोंडाला फडकं बांधून पलंगाशी बसायच्या आणि पैलवानाच्या मनगटावर अंगठा ठेवायच्या. पहिल्या दिवशी चौगुले कसनुसे हसले. ‘मॅडम, आता माझी नक्कल तुमी करायला लागला.’

मॅडम म्हणाल्या, ‘गप पडा. मी तुमच्याशी बोलत नाही.’

आणि दोन-तीन दिवसांनी त्यांच्या लक्षात आलं की आपली एक मोठी चूक होते आहे. बसमध्ये त्या मला म्हणाल्या, ‘सर, मी त्यांच्याशी माणदेशी बोलतेय. ती आव्वाकडून आलेली मंडळी. त्यांना कानडी पाहिजे.’

त्या पूर्ण गंभीर होत्या. त्यानंतर त्या पन्नाशीच्या बाईने आव्वाजवळ दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून कानडी शिकायला घेतलं. आव्वाने कशासाठी ते विचारलं. मॅडमनी जमेल तसं सांगितलं, की तुझ्यातून याच्यात जे गेलंय त्याच्याशी बोलायचंय. मला वाटलं, म्हातारी घाबरेल. तिने नुसतं डोकं हलवलं. ‘मंग मी शिकवती की,’ म्हणाली.

‘बागला तेगीरी,’ मॅडम मनगटाशी म्हणायच्या. दार उघडा. त्यांचा ‘ळ’ आणि ‘ल’ चुकायचा आणि पलंगावरचा पैलवान डोळे मिटून सुधारायचा. एका दुपारी वीज गेली होती, पंखा थांबला होता, खोलीत फडक्याआडून येणारं ते कुजबुजणं सोडलं तर आवाज नव्हता. चौगुले एकदम म्हणाले, ‘मॅडम, आत कायतरी ऐकू येतंया.’

‘काय?’

‘यात्रेत फड भरल्यावर लांबनं गलका येतोय बघा, तसा. कवापास्नं हाय. मला वाटलं, कानाचं असंल. कुस्तीत कान गेल्यात म्हणून.’

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं नाही. अंगठा जरा दाबला. ‘मी बोलते तवा कमी होतो का वाढतो?’

‘थांबतो,’ चौगुले म्हणाले. ‘ऐकतात ती.’

मी बाहेर व्हरांड्यात येऊन उभा राहिलो. खाली उसाचा रस विकणाऱ्याच्या घुंगराचा आवाज येत होता आणि तो ऐकून मला फार बरं वाटलं.

आणि औषध लागू पडलं. एका सकाळी चौगुले उठले आणि म्हणाले, ‘आत गप झालंय.’ त्या दिवशीच्या तपासणीत वाईट पेशी जवळजवळ दिसल्या नाहीत. डॉक्टर औषधावर खूष होते, आव्वा तिच्या देवावर. मॅडम कुणावर खूष आहेत हे कळायला मार्ग नव्हता. त्या एवढंच म्हणाल्या, ‘कडी निघाली. सगळ्यांनी काढली का, ते माहीत नाही.’

चौगुले कॉलेजात परत आले. टोपी घालून, निम्मे होऊन. पाठीत थाप मारायचे तर ती कबुतर बसल्यासारखी वाटायची. नक्कल त्यांनी पुन्हा केली नाही. उलट मधल्या सुट्टीत दोघं खिडकीशी बसायचे आणि मॅडम विचारायच्या, ‘काय म्हणतात?’ आणि ते सांगायचे, ‘निवांत हायती.’ स्टाफरूममध्ये आता यावर कुणी हसत नव्हतं. एक वर्ष असं गेलं.

मग एक दिवस मधल्या सुट्टीत चौगुले बसले, पण मॅडमनी विचारायच्या आधीच म्हणाले, ‘मॅडम, गलका परत सुरू झालाय.’ मॅडमनी त्यांच्या मनगटावर अंगठा ठेवला. रक्त तपासायला पुढचा आठवडा उजाडला. पण त्या दोघांना ते त्याच दुपारी कळलं होतं, आणि तिथे बसलो होतो म्हणून मलाही.

या खेपेला लाल औषधाने काही झालं नाही. मॅडमनी पुण्याहून आणखी झेरॉक्स मागवल्या, डॉक्टरांपुढे ठेवल्या. डॉक्टर भले होते. त्यांनी वाचल्या आणि सांगितलं, ‘मॅडम, हे अजून प्रयोगशाळेतच आहे. आमच्या हातात यायला वर्षं लागतील.’ मॅडम म्हणाल्या, ‘माहितीय मला.’ तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी अजून एक नेली.

शेवटच्या दिवशी मी तिथे होतो. दुपारचं ऊन खिडकीतून पलंगाच्या पायाशी आलं होतं. आव्वा उशाशी बसली होती. चौगुल्यांचा आवाज फार खोल गेला होता.

‘मॅडम, आता त्यांस्नी काय सांगू नका. दार उघडायचं तर उघडतील, न्हाई तर ऱ्हाऊ द्या. तुमी लय दमलासा.’

‘मी दमले नाही,’ मॅडम म्हणाल्या.

‘व्हय व्हय,’ ते म्हणाले आणि डोळे मिटले. तासाभराने श्वास थांबला. डॉक्टर आले, छातीला नळी लावून पाहिलं, आव्वाच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. आव्वा रडायला लागली. मी तिला धरून बसलो. मॅडमनी अंगठा काढला नव्हता.

‘मॅडम, झालं आता,’ मी म्हणालो.

‘हृदय थांबलं, सर. आत लगेच कळत नाही. अजून ते काम करतायत. कुणीतरी सांगायला पाहिजे.’

आणि त्या सांगत बसल्या. कानडीत, आव्वाने शिकवलेल्या मोजक्या शब्दांत. ‘साकु. होगीरी.’ पुरे झालं, आता जा. परत परत, मूल झोपवताना बोलतात त्या आवाजात. आव्वाचं रडणं हळूहळू बारीक झालं. तिने दुसरा हात हातात घेतला आणि तीही तेच म्हणायला लागली. दोन बायका त्या थंड होत चाललेल्या देहाशी बोलत होत्या आणि मला, सांगायला संकोच वाटतो, पण त्या खोलीतून कुणीतरी, एकटं नव्हे, पुष्कळ जण, रांगेने, गडबड न करता निघून चालल्यासारखं वाटत होतं. मॅडमनी अंगठा उचलला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं.

पुढे उन्हाळा लागला. मॅडम दर रविवारी सकाळी कुठेतरी जातात, संध्याकाळी धुळीने माखून परत येतात, असं माझी बायको म्हणायची. त्या आमच्या मागच्याच गल्लीत राहायच्या. एका रविवारी स्टँडवर मला भेटल्या. जतच्या गाडीसाठी उभ्या होत्या. ‘येताय का?’ म्हणाल्या. मी गेलो.

आव्वाचं घर गावाच्या टोकाला होतं. कौलांचं, दोन खोल्यांचं, पुढे बोरीचं झाड. पाण्याचा टँकर नुकताच येऊन गेला होता, वाटेवर ओल होती. म्हातारी उंबऱ्यात बसली होती. पावलांच्या आवाजावरूनच तिने ओळखलं असावं. ‘बा, कुंद्रु,’ म्हणाली. ये, बस.

मला वाटलं, आता मनगट, कानडी, मंडळी, सगळं सुरू होईल. तसं काही झालं नाही. मॅडमनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि आव्वाच्या पुढ्यात जमिनीवर, तिच्याकडे पाठ करून बसल्या. आव्वाने चाचपडत त्यांचा अंबाडा सोडला. त्या बाईचे केस एवढे लांब आहेत आणि एवढे पांढरे झालेत, हे मला माहीतच नव्हतं. म्हातारीने वाटीतलं तेल तळव्यावर घेतलं आणि त्यांच्या टाळूवर थापायला लागली, सावकाश, मुलीला थापतात तसं. मधेच मला म्हणाली, ‘हिच्या डोस्क्याला लय वर्सांत कुणी हात लावलेला न्हाई, सायेब. केस बगा कसं राठ झाल्यात.’

मॅडमची मान पुढे झुकलेली, डोळे मिटलेले, दोन्ही हात मांडीवर नुसते पडलेले. मी पाणी प्यायलो, बोरीखाली जाऊन बसलो, जरा डोळा लागला. परतीच्या गाडीची वेळ झाली तेव्हा दारात जाऊन हाक मारली.

आव्वाने आतून हात हलवून मला गप राहायला सांगितलं. मॅडम तिच्या मांडीवर डोकं ठेवून झोपल्या होत्या. तेलाने माखलेली एक बट गालावर आली होती आणि म्हातारी, जिला दिसत नव्हतं, ती बरोबर तीच बट हळूच मागे सारत होती.

मी एकटाच गाडीकडे निघालो.